साडेबारा फेऱ्यांचं नियोजन

बावीस वर्षं क्रीडा व्यवस्थापन शिकवणाऱ्या माणसावर एके दिवशी खरोखरची स्पर्धा भरवायची वेळ यावी, यासारखा दुसरा अन्याय नाही, असं नियोजन सरांचं प्रामाणिक मत होतं. तसं त्यांनी प्राचार्यांना सांगूनही पाहिलं. प्राचार्यांनी नुसती मान हलवली. प्राचार्य मान हलवतात तेव्हा ती होकाराची आहे की मानेच्या व्यायामाची, हे आजवर कुणालाही कळलेलं नाही.

‘नियोजन सर’ हे नाव मुलांनी ठेवलेलं होतं. सरांच्या नोट्समधलं प्रत्येक उत्तर ‘प्रथम नियोजन करावे’ या वाक्याने सुरू व्हायचं. सरांना हे नाव माहीत होतं आणि ते आदराने ठेवलं आहे असा त्यांचा समज होता. तो मोडायला कुणी गेलं नाही.

“सर, वरून पत्र आलंय,” प्राचार्य म्हणाले. “आता वहीतून शिकवणं पुरे. मुलांना हाताने शिकवायचं. प्रत्यक्ष अनुभव.”

“हातानेच शिकवतो की. फळ्यावर लिहून देतो.”

“तसं नव्हे. सतरा तारखेला तपासणीच्या मॅडम येणार. त्यांना मुलांनी भरवलेली खरी स्पर्धा दिसली पाहिजे. नाही दिसली तर कोर्स बंद.”

“आणि मी?”

“तुमची काळजी करू नका. ओळखपत्रांची खिडकी रिकामीच आहे.”

सरांना ती खिडकी माहीत होती. तिच्यामागे बसणारा माणूस दिवसभर ‘फोटोत कान दिसत नाहीत’ एवढं एकच वाक्य बोलायचा. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दोन वर्षं कान बघत काढायची कल्पना त्यांना सहन होईना. पण खरं दुखणं वेगळंच होतं. हा कोर्स त्यांनी स्वतः सुरू केला होता, चार मुलं घेऊन, जिन्याखालच्या खोलीत. त्या चारांतला एक आज मोठ्या स्टेडियमचा व्यवस्थापक आहे, हे ते दर वर्षी पहिल्या तासाला सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज दर वर्षी थोडा बसत असे. आपण गेल्यावरही हा कोर्स चालू राहावा, एवढं एकच त्यांना हवं होतं. पण हे प्राचार्यांपुढे बोलायचं कसं? म्हणून ते “बरं” म्हणाले आणि दमून घरी आले. काम अजून सुरूही झालं नव्हतं, तरी दमले होते.

वर्गात अडतीस मुलं. सरांनी विषय मांडला मात्र, मुलं एकदम जागी झाली. या वर्गाला दुपारी अडीच वाजता जागं पाहण्याची सरांना सवय नव्हती, त्यामुळे ते आधी घाबरलेच. पाच किलोमीटरची धावण्याची शर्यत ठरली. धावायला काही साहित्य लागत नाही, पाय ज्याचे त्याचे असतात, हा सरांचा हिशेब. मग समित्या झाल्या. नोंदणी समिती, प्रसिद्धी समिती, स्वागत समिती, प्रथमोपचार समिती, पाणी समिती, बक्षीस समिती, फेऱ्या मोजणारी समिती, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारी एक मुख्य समिती. तिची प्रमुख जाड चष्म्याची एक मुलगी झाली. ही मुलगी वर्गात कधी बोलत नसे, फक्त लिहून घेत असे. अडतीसच्या अडतीस जणांना काम मिळालं, प्रत्येकाला बिल्ला मिळाला. सरांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

घरी बायकोने फक्त एक प्रश्न विचारला. “तुम्ही धावणार नाही ना?”

“मी? मी व्यवस्थापन करणार.”

“मग ठीक आहे. ते तुम्हाला घरातही जमत नाही, पण त्यात माणूस पडत तरी नाही. दोन मजले चढताना दोनदा थांबता, म्हणून विचारलं.”

बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या दारातले काका निवृत्त होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी सल्ला हा पूर्णवेळ व्यवसाय धरला होता. त्यांनी सरांना कुलूप उघडता उघडता गाठलं.

“धावण्याची शर्यत? चांगलं आहे. पण लोक फार येतात हो. आवरत नाहीत. माझ्या साडूच्या ऑफिसात ठेवली होती, चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली. दोर आणा. जाड दोर.”

तळमजल्यावरच्या काकू रोज सकाळी चालायला जात, त्यामुळे शरीरशास्त्र हा त्यांचा प्रांत. धावण्यापूर्वी काय खावं, काय खाऊ नये आणि खाल्लं तर काय होतं, हे त्यांनी जिन्यात अर्धा तास सांगितलं. शेवटचा भाग तर अभिनयासह. “पण येणार आहोत बरं का आम्ही सगळे!” असं म्हणून त्यांनी सरांना सोडलं. सरांना बरं वाटलं. ‘येणार’ या शब्दाचा अर्थ त्यांनी नीट विचारून घ्यायला हवा होता, पण तेव्हा त्यांना फक्त घरात जाऊन बसायचं होतं.

मैदानाच्या कार्यालयात खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारलं, “मैदानातून निघून रस्त्यावरून परत मैदानात?”

“हो.”

“मैदान आमचं. रस्ता आमचा नाही. रस्त्याची परवानगी आणा, मग मैदानाची देतो.”

रस्त्याच्या कार्यालयात दुसरा कारकून होता, पण चेहऱ्यावरचं समाधान तेच. “शर्यत मैदानातून सुटणार ना? मग आधी मैदानाची परवानगी आणा. नसलेल्या शर्यतीला रस्ता कसा देऊ?”

तीन दिवस सर या दोन खिडक्यांच्या मध्ये चालत होते. नंतर बायकोने हिशेब केला तर ते अंतरच पंधरा किलोमीटर भरलं. शेवटी त्यांनी रस्ता सोडून दिला. शर्यत मैदानातच, चारशे मीटरच्या गोलावर साडेबारा फेऱ्या. कारकुनाने नवा अर्ज घेतला आणि ‘अपेक्षित संख्या’ या रकान्यावर बोट ठेवलं.

“पाचशे लिहिलंय. पाचशेला अॅम्ब्युलन्स लागते, आगीचा बंब लागतो आणि आठ स्वच्छतागृहं.”

“किती लिहिलं तर काही लागत नाही?”

“एकोणपन्नास. पन्नासच्या खाली माणसं आजारी पडत नाहीत.”

“पण माझे अडतीस विद्यार्थीच—”

“आयोजक माणसांत धरत नाहीत,” कारकून म्हणाला आणि शिक्का मारला. सरांना हे वाक्य त्या वेळी विनोदी वाटलं होतं.

एकोणपन्नासच जागा, हे कळल्यावर प्रसिद्धी समितीला स्फुरण चढलं. त्यांनी गावभर पत्रकं लावली. त्यावर वर सगळ्या अडतीस आयोजकांची नावं होती, मध्ये प्राचार्यांचा फोटो होता आणि खाली लाल अक्षरांत ‘फक्त एकोणपन्नास जागा! जवळजवळ भरल्या!’

“भरल्या?” सरांनी आनंदाने विचारलं.

“नाही सर. एकही नाही. पण तुमच्या नोट्सचं पान बारा. ‘मागणी निर्माण करण्यासाठी टंचाई दाखवावी.’”

बावीस वर्षांत त्यांच्या नोट्समधलं वाक्य कुणी परीक्षेच्या बाहेर वापरलं नव्हतं. त्यांना इतकं भरून आलं की पुढचा प्रश्न विचारायचा राहिला.

सतरा तारीख उजाडली. सकाळी सात वाजता मैदान बघण्यासारखं होतं. फक्कीच्या पांढऱ्या रेषा इतक्या सरळ की त्यांवर पाय ठेवायला जीव धजत नव्हता. काकांच्या सूचनेवरून जाड दोर बांधला होता. एक छोटीशी भानगड झाली, ती अशी की साडेबारा फेऱ्यांमुळे शर्यत सुटते मैदानाच्या एका बाजूला आणि संपते दुसऱ्या. स्वागत समितीने मांडव सुरुवातीच्या रेषेवर घातला होता आणि बक्षीस समितीने कप शेवटच्या रेषेवर मांडले होते. दोन्ही समित्या आपापली रेषा सोडायला तयार नव्हत्या. सरांनी मधे पडून पाहिलं, तर दोन्ही समित्यांनी त्यांना नम्रपणे बाजूला व्हायला सांगितलं.

सगळा जिना आला होता. काकू चटई घेऊन, काका नव्याकोऱ्या बुटांत आणि शर्यतीच्या टी-शर्टात. बायको छत्री घेऊन एका कोपऱ्यात. प्रेक्षक साठेक तरी असतील. मांडवात मध्यभागी तपासणीच्या मॅडम, मांडीवर फाइल. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ती रिकामी जागा सरांना कुठल्याही रागापेक्षा भयंकर वाटली.

सात वाजून पन्नास मिनिटांनी चष्म्याची मुलगी सरांजवळ आली. “सर, नोंदणी समितीचा अहवाल. एक नोंदणी.”

“एक?”

“पत्रक वाचून लोकांना वाटलं, जागा भरल्या. फोन आले होते. लोक म्हणाले, उशीर झाला असेल, पुढच्या वर्षी बघू.”

“आणि ती एक नोंदणी?”

मुलीने दोराकडे बोट दाखवलं. दोरापलीकडे खुर्चीवर समोरच्या दारातले काका बसले होते.

सर धावतच गेले. हे त्या दिवशीचं त्यांचं पहिलं धावणं, पण ते मोजलं गेलं नाही. “काका, चला. तुम्ही एकटेच स्पर्धक आहात.”

“मी? अहो, माझा गुडघा! मी टी-शर्टासाठी नाव दिलं. नोंदणीला टी-शर्ट मोफत असं लिहिलं होतं.”

“काकू, तुम्ही? तुम्ही येणार म्हणाला होतात!”

“आलेच आहे की,” काकू चटईवर पाय लांब करत म्हणाल्या. “बघायला.”

सर वळले आणि चष्म्याच्या मुलीला म्हणाले, “मुलांना उतरवा. निदान दहा जणांना.”

मुलीचा चेहरा उतरला. ती पाठ केल्यासारखं म्हणाली, “पान सात, सर. ‘आयोजकाने स्वतःच्या स्पर्धेत भाग घेऊ नये. त्याने स्पर्धेची विश्वासार्हता संपते.’ मॅडमनी सकाळीच आमच्याकडून नोट्सची प्रत मागून घेतली आहे. त्या वाचतायत.”

खरंच मांडवात मॅडम पान उलटत होत्या. ते सातवं असेल की आठवं, एवढा विचार करण्याचंही त्राण सरांत उरलं नव्हतं. आपलंच हत्यार आपल्यावर उलटलं, तेही परीक्षेत लाल शाईने अधोरेखित करायला लावलेलं. त्यांना समोर ती खिडकी दिसू लागली. फोटोत कान दिसत नाहीत. फोटोत कान दिसत नाहीत.

“मग आता?” ते म्हणाले.

मुलगी थोडा वेळ चष्मा पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, “सर, राग मानू नका. तुम्ही कुठल्याच समितीत नाही. आम्ही सगळी कामं वाटून घेतली, तुमच्यासाठी काही उरलंच नाही. नियमाने... तुम्ही आयोजक नाही.”

मैदानात शंभरएक माणसं होती आणि त्यांत काहीही काम नसलेला माणूस एकच होता. बावीस वर्षांची नोकरी, आणि शेवटी पदरात हे. सरांना फार वाईट वाटलं, अगदी आतून वाईट वाटलं. तरीही त्यांनी चपला काढल्या. काकांनी मोठ्या मनाने आपले नवे बूट काढून दिले. ते एक माप मोठे होते. “फक्त मळवू नका,” काका म्हणाले.

शिट्टी झाली आणि सर सुटले.

पहिली फेरी ते खरंच धावले. हे नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढे तसं काही घडलं नाही. ध्वनिक्षेपकावरचा मुलगा मन लावून वर्णन करत होता. “सर पहिल्या क्रमांकावर! त्यांच्या मागे... सध्या कोणी नाही!” दुसऱ्या फेरीत धावण्याचं लगबगीत आणि तिसरीत लगबगीचं चालण्यात रूपांतर झालं. बूट पायांच्या अर्धं पाऊल मागून येत होते. प्रथमोपचार समितीची चार मुलं स्ट्रेचर घेऊन शेजारून चालत होती, आणि त्यांच्या नजरेत जी आशा होती ती सरांना मुळीच आवडली नाही.

“पडणार नाही मी!” सर खेकसले.

“घाई नाही सर,” त्यातला एक म्हणाला. “आम्ही आहोत.”

पण खरा घोळ पाण्याचा झाला. पाण्याचं टेबल मैदानाच्या बाहेरच्या कडेला, उजव्या हाताला मांडलं होतं. धावणारा मात्र आतल्या कडेने पळतो, अंतर तिथेच कमी. म्हणजे एका घोटासाठी सरांना आठ पट्टे ओलांडून उजवीकडे जायचं आणि आठ पट्टे ओलांडून परत यायचं. दुसऱ्या फेरीत ते गेले. तिसऱ्या फेरीतही गेले. चौथ्या फेरीत त्यांनी लांबूनच त्या पाण्याकडे पाहिलं आणि जीभ टाळूला चिकटलेली असताना ओरडले, “कुणी गाढवाने मांडलंय ते टेबल तिकडे?”

पाणी समितीतल्या मुलाने खिशातून घडी केलेला कागद काढला. “पान एकतीस, सर. ‘पाण्याची सोय धावपटूच्या उजव्या हाताला असावी.’”

सर चालता चालता विचार करू लागले, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. पान एकतीस त्यांनी कुठून घेतलं होतं? त्यांच्या सरांच्या नोट्समधून. त्या सरांनी कुठून घेतलं, देव जाणे. उजवा हात चांगला, एवढाच विचार असावा कुणाचातरी. बावीस वर्षं, आधी चार, मग दर वर्षी तीस-चाळीस मुलं, सगळ्यांनी ते लिहून घेतलं, पाठ केलं, त्यावर गुण मिळवले. आणि आजवर एकाही माणसाने तहान लागलेली असताना ते तपासून पाहिलं नव्हतं. सरांना एकदम लाज वाटली, धाप लागलेली असूनही वाटली.

पाचव्या फेरीत ते त्या जागी आले तेव्हा टेबल उजवीकडे नव्हतं. चष्म्याची मुलगी आणि पाणी समितीतली दोन मुलं ते उचलून आतल्या बाजूला नेत होती, पेले हिंदकळत होते. कुणीही सांगितलं नव्हतं. मुलीने हात पुढे करून पेला धरला आणि सरांना पाऊलही वाकडं न टाकता तो घेता आला. त्या पाण्यासारखं पाणी त्यांनी आयुष्यात प्यायलं नव्हतं.

त्यानंतर मुलांच्यात काय संचारलं कोण जाणे. बक्षीस समिती आणि स्वागत समितीने भांडण मिटवून मांडव आणि कप एकाच ठिकाणी आणले. काकू चटईवरून उठून दोराला टेकून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. बायको छत्री घेऊन आठवी फेरी सरांच्या बाजूने चालली. फक्त शेवटी म्हणाली, “थांबलात तरी चालेल हं. मला चालेल.” सर थांबले नाहीत.

दहाव्या फेरीला फेऱ्या मोजणाऱ्या समितीत फूट पडली. एकाचं म्हणणं दहा झाल्या, दुसऱ्याचं म्हणणं नऊ. सरांनी चालता चालता हात जोडले. “अरे, दहा! दहाच!”

“सर, पान अठरा,” दोघंही एका सुरात म्हणाले. “‘वाद झाल्यास कमी संख्या ग्राह्य धरावी.’”

नियम त्यांचाच होता. साडेबाराच्या साडेतेरा झाल्या.

एक तास दोन मिनिटांनी सरांनी शेवटची रेषा ओलांडली आणि गवतावर आडवे झाले. स्ट्रेचरवाल्या मुलांचं अखेर सोनं झालं. सरांना पहिला, दुसरा आणि तिसरा असे तिन्ही कप देण्यात आले, कारण बक्षीस समितीला काही उरवायचं नव्हतं. मग मांडवातून मॅडम उतरून आल्या. सरांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मॅडमनी सरांकडे नाही, चष्म्याच्या मुलीकडे पाहिलं. “काय शिकलात आज?”

मुलीने एकदा सरांकडे पाहिलं. “पाणी चुकीच्या बाजूला होतं, मॅडम. सर चालले तेव्हा कळलं. नोट्समध्ये चूक आहे.” मग घाबरून म्हणाली, “फक्त एकच. बाकी बरोबर असेल.”

मॅडमनी भुवया उंचावून सरांकडे पाहिलं. सरांना सहज म्हणता आलं असतं, की ती छपाईची चूक आहे. गेली बावीस वर्षं ते प्रत्येक अडचणीला असंच काहीतरी म्हणत आले होते.

“बरोबर बोलतेय ती,” सर पडल्या पडल्या म्हणाले. “पान एकतीस चूक आहे. पान बाराही. बाकीची तपासायची आहेत. पण आज हिने टेबल हलवलं, मॅडम. मी काही सांगितलं नव्हतं. मी पाणी पीत होतो.”

मॅडमनी फाइल उघडली आणि तिथेच उभ्या उभ्या बराच वेळ काहीतरी लिहिलं. चौथ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर पत्र आलं. कोर्स चालू ठेवावा, असं त्यात होतं. खाली एक शेरा होता. ‘शिक्षकांना मिळालेला प्रत्यक्ष अनुभव समाधानकारक. पुढील वर्षी स्पर्धकांचीही व्यवस्था करावी.’

पण ते नंतर. त्या दिवशी सरांना दोन मजले चढायला पाच ठिकाणी थांबावं लागलं. प्रत्येक थांब्यावर काका सल्ला देत होते आणि शेवटच्या थांब्यावर त्यांनी बूट परत मागितले. घरी बायकोने घमेल्यात गरम पाणी ओतून सरांचे पाय त्यात ठेवले. सरांनी नोट्सची जुनी वही मागवली. पान एकतीस काढून ‘उजव्या’ या शब्दावर रेघ मारली आणि वर ‘डाव्या’ लिहिलं. वहीतली ही पहिली खाडाखोड. मग ते शेवटपर्यंत पानं उलटत गेले. नियोजन होतं, मांडव होता, पाहुणे होते, दोर होता, अकरा प्रकरणं होती.

“आता काय शोधताय?” बायकोने विचारलं. “पाणी गार होतंय.”

शेवटच्या कोऱ्या पानावर सरांनी लिहिलं, ‘प्रकरण बारावे : खेळाडू’. मग त्याखाली त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याची सुरुवात नियोजनाने झाली नाही.

‘आधी त्याला पाणी विचारावे.’